स्मृतिशिळा, नाव आणि स्थान : एट्रुस्कन शवपेटिकांपासून एकसरच्या वीरगळांपर्यंत

मृतांच्या स्मरणार्थ घडविलेल्या वस्तूंचा विचार हा सामान्यतः कलेतिहासकाराचा आणि पुरातत्त्वज्ञाचा प्रांत समजला जातो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात शिरण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु जगातील काही भाषा आपल्याला जवळजवळ केवळ थडग्यांमुळेच ज्ञात झाल्या आहेत, आणि उलटपक्षी काही स्मारके केवळ भाषेच्या अभावी मुकी झाली आहेत, ही दोन तथ्ये एकमेकांशेजारी ठेवली म्हणजे या विषयाशी आपला संबंध किती निकटचा आहे हे ध्यानात येते. पहिल्या प्रकाराचे उदाहरण इटलीतील एट्रुस्कन लोकांच्या शवपेटिकांत सापडते. दुसऱ्याचे उदाहरण आपल्या मुंबईतच, बोरिवलीजवळच्या एकसर येथे उभे आहे. या दोहोंच्या तुलनेतून स्मारकाचा अर्थ कशावर अवलंबून असतो, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी असे गृहीत धरू की, प्रत्येक स्मारकाला तीन साक्षीदार असतात. पहिला साक्षीदार म्हणजे त्यावरील प्रतिमा. दुसरा, त्यावरील लेख, म्हणजेच नाव. आणि तिसरा, ते जेथे उभारले गेले ते स्थान. तिन्ही साक्षीदार एकत्र असले म्हणजे स्मारक पूर्णपणे बोलते. यांपैकी एखादा नाहीसा झाला तर उरलेल्यांवर किती भार पडतो आणि तो त्यांना कितपत पेलतो, हाच खरा प्रश्न आहे.

१. एट्रुस्कन स्मारके व संग्रहालये

रोमच्या उत्कर्षापूर्वी आर्नो आणि टायबर या नद्यांच्या दरम्यानच्या प्रदेशात एट्रुस्कन लोकांची समृद्ध नगरे होती. इ. स. पू. आठव्या शतकापासून इ. स. पू. पहिल्या शतकापर्यंत त्यांच्या संस्कृतीचा मागोवा घेता येतो. त्यांची घरे व मंदिरे लाकूड आणि कच्च्या विटांची असल्यामुळे फारशी टिकली नाहीत. मृतांसाठी मात्र त्यांनी खडकात कोरलेल्या खोल्या, त्यांवरील मातीचे प्रचंड उंचवटे, रंगविलेल्या भिंती आणि भाजलेल्या मातीच्या वा दगडाच्या शवपेटिका असा विपुल ठेवा मागे ठेवला. जिवंतांचे नगर नष्ट झाले आणि मृतांचे नगर टिकले, असे म्हणावयास हरकत नाही.

या ठेव्याचा मोठा भाग आज संग्रहालयांत विखुरलेला आहे. रोम येथील व्हिला जुलिया संग्रहालयातील पतिपत्नींची शवपेटिका सुप्रसिद्ध आहे. ती इ. स. पू. सहाव्या शतकातील असून १८८१ मध्ये चेर्वेतेरी येथे सुमारे ४०० तुकड्यांच्या स्वरूपात मिळाली. मेजवानीच्या मंचकावर एकमेकांस टेकून पहुडलेले ते जोडपे जणू गप्पांत रंगलेले दिसते. तिचीच जोड शोभेल अशी दुसरी पेटिका पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. व्होल्तेर्रा येथील ग्वार्नाच्ची संग्रहालयात सहाशेंहून अधिक रक्षापात्रे आहेत, आणि त्यांच्या झाकणांवर मृताची कोपरावर रेलून बसलेली आकृती वारंवार आढळते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. रोममधील त्या प्रसिद्ध जोडप्याची नावे आपणांस ठाऊक नाहीत, कारण पेटिकेवर लेख नाही. ‘पतिपत्नींची शवपेटिका’ हे नाव आधुनिकांनी दिलेले आहे. आणि त्यातील ‘शवपेटिका’ हा शब्दही शंकास्पदच, कारण तिच्यात शव नसून दहनानंतरची रक्षा ठेवली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. तात्पर्य, मूळ नाव नसले की संग्रहालयाची चिठ्ठी हेच नाव होऊन बसते.

२. लेखाची साक्ष

एट्रुस्कन भाषा भारोपीय कुलातील नव्हे. लेम्नॉस बेटावरील एका प्राचीन शिळेची भाषा आणि आल्प्स भागातील रेटिक भाषा यांच्याशीच तिचे नाते जोडता येते. लिपी ग्रीक लिपीवरून घेतलेली असल्यामुळे लेख वाचता येतात. अर्थ मात्र सर्वत्र लागत नाही. उपलब्ध लेखांची संख्या दहा हजारांहून अधिक असली तरी त्यांपैकी बहुतेक अतिशय त्रोटक असून मृतांशी संबंधित आहेत. सर्वांत दीर्घ लेखसुद्धा एका इजिप्शियन ममीभोवती गुंडाळलेल्या तागाच्या पट्ट्यांवर मिळाला आणि तो झाग्रेब येथील संग्रहालयात आहे. १९६४ मध्ये पिर्जी येथे एट्रुस्कन व फिनिशियन अशा दोन भाषांतील मजकूर असलेले सोन्याचे पत्रे सापडले, त्यामुळे अर्थनिश्चयाला काही आधार मिळाला. तथापि शब्दसंग्रहाचा पाया थडग्यांवरील लेखांनीच घातला आहे.

तो कसा, हे पाहणे उद्बोधक आहे. थडग्यावरील लेखाची रचना ठराविक असते : व्यक्तिनाम, कुलनाम, पित्याचे नाव, पुष्कळदा मातेचेही नाव, आणि मृत्यूसमयीचे वय. एकच साचा शेकडो वेळा आला की, बदलणारे घटक आणि न बदलणारे घटक वेगळे करता येतात. न बदलणाऱ्या घटकांतून ‘क्लन’ म्हणजे पुत्र, ‘सेख’ म्हणजे कन्या, ‘पुइआ’ म्हणजे पत्नी, ‘अविल’ म्हणजे वर्षे, ‘लुपुके’ म्हणजे मरण पावला, ‘सुथि’ म्हणजे थडगे, हे अर्थ निश्चित झाले. अपरिचित भाषेच्या क्षेत्रीय अभ्यासात आपण जी वितरणपद्धती वापरतो, तीच येथे मृतांच्या यादीवर वापरली गेली आहे.

याच ‘सुथि’ शब्दापासून साधलेले ‘सुथिना’ हे रूप कित्येक काशाच्या आरशांवर व भांड्यांवर कोरलेले आढळते. ‘थडग्याची वस्तू’ असा त्याचा अर्थ. मृताला दिलेली वस्तू जिवंतांच्या वापरात पुन्हा येऊ नये, हा हेतू त्यामागे असावा. ती वस्तू आज काचेच्या कपाटात असते. तरीही आपले मूळ स्थान कोणते, हे ती स्वतःच सांगते. स्थान हरपल्यावर लेखाने त्याची उणीव काही अंशी भरून काढली, असे हे दुर्मिळ उदाहरण आहे.

दुसरी लक्षणीय बाब स्त्रियांच्या नावांची. रोमन स्त्री बहुधा आपल्या कुलाच्या नावानेच ओळखली जाई. एट्रुस्कन स्त्रीला मात्र स्वतःचे व्यक्तिनाम असे. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात व्हुल्ची येथील एक पेटिका आहे. तिच्या झाकणावर पतिपत्नी एकाच वस्त्राखाली परस्परांना आलिंगन देऊन पहुडलेली आहेत, आणि लार्थ तेत्निएस या पतीच्या बरोबरीने थान्खविल तार्नाइ हे पत्नीचे नावही आपणांस ज्ञात आहे. ब्रिटिश म्युझियममधील सेइआन्ति हानुनिआ त्लेस्नासा हिची पेटिका १८८६ मध्ये क्यूझीजवळ सापडली. हातात आरसा घेतलेली तिची प्रतिमा तरुण दिसते. पेटिकेतील अस्थींच्या परीक्षणावरून मात्र मृत्यूसमयी ती पन्नाशीच्या घरात होती असे ठरले. प्रतिमेने वय लपविले, अस्थींनी ते सांगितले, आणि ती कोण हे सांगण्याचे काम लेखाने केले. तिन्ही साक्षी जुळल्या म्हणूनच तिच्याविषयी आपण इतके बोलू शकतो.

लेखाची साक्ष खोटेपणाही उघड करते. ब्रिटिश म्युझियमने १८७३ मध्ये एक एट्रुस्कन शवपेटिका विकत घेतली होती. पुढे ती बनावट असल्याचे सिद्ध झाले. तिच्यावरील लेख लूव्रमधील एका सोन्याच्या वस्त्रपिनेवरील अस्सल लेखावरून उतरवून घेतलेला होता. दागिन्यावरचा मजकूर थडग्यावर शोभावा कसा? मूर्तिकाराचा हात कितीही कुशल असला, तरी भाषेचे ज्ञान नसलेल्याला भाषेची नक्कल साधत नाही.

३. आपल्याकडील नामांकित स्मारके

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. व्होल्तेर्राची रक्षापात्रे घडत होती, साधारण त्याच शतकांत मावळातील भाजे येथे बौद्ध भिक्षूंनी लेणी कोरविली. तेथे चौदा लहान स्तूपांचा एक समूह आहे. काही स्तूप छताखाली, काही उघड्यावर. त्यांपैकी काहींवर धम्मगिरी, संघदिन अशा थेरांची नावे प्राकृतात कोरली आहेत. मुंबईच्या कान्हेरी येथेही भिक्षूंच्या स्मरणार्थ उभारलेल्या विटांच्या स्तूपांची एक दालनवजा जागा असून, तेथील स्मृतिलेखांचा अभ्यास डॉ. शोभना गोखले यांनी केला. थेराचे नाव आणि ‘थूप’ हा शब्द एवढाच मजकूर असला तरी तो पुरेसा आहे, कारण स्मारक खडकातून वेगळे करता येत नाही. नाव आणि स्थान यांची फारकत येथे झालेलीच नाही.

सोपारा येथील स्तूपाची गोष्ट निराळी. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला, तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक आणि मातीच्या पात्राचे काही तुकडे मिळाले. ते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे जतन केले गेले. स्तूपाचा उंचवटा नालासोपाऱ्यात राहिला. तथापि उत्खननाचा वृत्तांत पंडितजींनी तपशीलवार लिहून ठेवल्यामुळे वस्तू आणि जागा यांचा दुवा तुटला नाही. स्थलांतर आणि विस्मरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

४. ‘वीरगळ’ : शब्द आणि वस्तू

मध्ययुगीन महाराष्ट्रातील सर्वांत सार्वत्रिक स्मारक म्हणजे वीरगळ. हा शब्द कन्नडमधून आला, हे सर्वमान्य आहे : ‘वीर’ आणि ‘कल्’ अथवा ‘कल्लु’, म्हणजे दगड. ध्वनिदृष्ट्या त्यातील ‘ळ’ विचारार्ह आहे. मराठीत स्वरांमधील एकेरी ‘ल’चा ‘ळ’ होतो, तर प्राकृतातील द्वित्त ‘ल्ल’चा ‘ल’ राहतो. संस्कृत ‘काल’पासून ‘काळ’, परंतु ‘कल्य’–‘कल्ल’ या क्रमाने ‘काल’, ही जोडी सर्वांच्या परिचयाची आहे. हा नियम उसन्या शब्दालाही लागू पडला असेल तर, मराठीने ‘वीरगल्लु’ हे रूप न घेता ‘वीरगल्’ हे रूप घेतले असावे, असे सुचते. पुढे ‘गळ’ हा घटक देशी शब्दालाही जोडला गेला. दानाचा भंग करणाऱ्यास शाप सांगणाऱ्या शिळेला आपण ‘गधेगळ’ म्हणतो. अलिबागजवळील आक्षी येथील शके ९३४ चा गणला जाणारा मराठी लेख अशाच शिळेवर आहे. गधेगळ हे मृताचे स्मारक नव्हे. तथापि ‘गळ’ म्हणजे दगड हा अर्थ त्या काळी मराठी भाषकाला जाणवत होता, याचा तो पुरावा ठरतो. आज तो अर्थ लोपला आहे. म्हणूनच कोणी ‘तो वीरगळ’ म्हणतो, तर कोणी ‘ती वीरगळ’.

वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. तळच्या चौकटीत धारातीर्थी पडलेला वीर, पुष्कळदा शेजारी गाईंचा कळप. त्यावर लढाईचा प्रसंग. त्यावर अप्सरांसमवेत वीराचे स्वर्गारोहण. आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर. माथ्यावर कलश, आणि बाजूंस चंद्रसूर्य, म्हणजे ही कीर्ती आचंद्रार्क राहो, ही भावना. एट्रुस्कन कलावंताने मृताला मेजवानीत बसविले. आपल्या पाथरवटाने त्याला पूजेला बसविले. मरणोत्तर सुखाच्या कल्पना भिन्न, परंतु मृताला एका नित्य क्षणात स्थिर करण्याची प्रवृत्ती समान.

५. एकसर : प्रतिमा आहे, नाव नाही

एकसर येथील वीरगळ महाराष्ट्रातील सर्वांत भव्य वीरगळांत मोडतात. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये सहा शिळांचे वर्णन असून त्यांपैकी चार सुमारे दहा फूट उंचीच्या सांगितल्या आहेत. त्यांवर जमिनीवरील लढाईबरोबरच वल्ह्यांनी चालणाऱ्या नौकांच्या रांगा आणि जलयुद्ध कोरलेले आहे. भारतीय शिल्पात जलयुद्धाची दृश्ये फारच थोडी आढळतात.

हे युद्ध कोणाचे? यादव राजा महादेव याने शिलाहार राजा सोमेश्वर याचा पराभव केला आणि सोमेश्वर समुद्रात बुडून नाश पावला, असे हेमाद्रीच्या प्रशस्तीवरून समजते. ही घटना साधारणतः १२६५ च्या सुमाराची मानतात, आणि एकसरच्या शिळा याच युद्धाच्या होत, असे मत पुष्कळांनी मांडले आहे. ते आकर्षक आहे आणि संभवनीयही आहे. परंतु शिळांवर त्याला दुजोरा देणारे नाव वा शक नाही. कोरीवकामाच्या शैलीवरून त्यांना याहून आधीच्या काळात नेणारेही अभ्यासक आहेत. जेथे दुसरा साक्षीदार गैरहजर असतो, तेथे पहिल्याच्या तोंडी आपण आपल्या माहितीतील इतिहास घालतो; तो खरा असू शकेल, पण तो शिळेने सांगितलेला नसतो.

त्याच गॅझेटियरमध्ये शिळांच्या माथ्यावरील कलशांचे वर्णन अस्थिपात्रे म्हणून केले आहे. युरोपीय थडग्यांवर रक्षापात्र पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना मंगलकलश हा अस्थिकलश दिसला. यात वर्णनकाराला दोष देण्याचे कारण नाही. ‘स्मारक’ या वर्गनामासोबत त्याच्या भाषेने त्याला एक तयार शब्द पुरविला, एवढेच. वस्तूच्या गावी तिला काय म्हणतात हे न विचारता केलेले वर्णन कोठे घसरते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण बेंगळूरच्या शासकीय संग्रहालयात आहे. मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथील ही शिळा शके ८७२, म्हणजे इ. स. ९४९–५० ची आहे. राष्ट्रकूट तिसरा कृष्ण आणि गंग बूतुग यांचा उल्लेख करणाऱ्या या लेखात मणलेर नामक वीराच्या ‘काळि’ या शिकारी कुत्र्याचीही स्मृती नोंदली आहे. रानडुकराशी झुंजताना ते मेले. शिळा गावातून हलली, तरी हजार वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याचे नाव आपणांस ठाऊक आहे. एकसरच्या शिळांवर मात्र बहुधा राजाच असावा, आणि तो अनामिक आहे. कर्नाटकात लेखयुक्त वीरगळ विपुल आहेत; महाराष्ट्रात ते विरळ. डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या ग्रंथातील लेख बहुतांशी दान, शासन, देवालय यांविषयीचे आहेत. मराठी पाथरवटाने दान देणाऱ्याचे नाव कोरले, प्राण देणाऱ्याचे बहुधा नाही.

सतीशिळेत हे मौन अधिक गडद होते. एका खांबातून निघालेला, कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला उजवा हात, आणि वर चंद्रसूर्य : बहुसंख्य सतीशिळांवर स्त्रीची म्हणून एवढीच खूण असते. बॉस्टनच्या पेटिकेवरील थान्खविलला मुखही आहे आणि नावही आहे; आपल्या शिळेवर केवळ सौभाग्याचे चिन्ह आहे. तिच्यासंबंधी गौरवाचे अनेक शब्द आपल्या भाषेत आहेत, पण ते सर्व तिच्या अवस्थेचे वाचक आहेत. व्यक्तीची वाचक ठरणारी संज्ञा मात्र तेथे नाही. स्मारक उभारून विस्मरण घडविता येते, हे कटू सत्य या शिळा शिकवितात.

६. तिसरा साक्षीदार

नाव नसलेल्या शिळेचे नाव असलेच तर ते एकाच ठिकाणी असते : ती जेथे उभी आहे तेथील लोकांच्या बोलण्यात. कोठे तिला नुसते ‘वीर’ म्हणतात, कोठे शेंदूर लावून तिचे ग्रामदैवत झालेले असते, कोठे एखाद्या घराण्याच्या लग्नात तिला पहिला नारळ असतो. देव्हाऱ्यातील पूर्वजांचे टाक आणि नाशिककडे धुळवडीला निघणारे वीर हे याच परंपरेचे जिवंत अवशेष होत. १९८२ मध्ये सेट्टर आणि सोन्थायमर यांनी भारतीय स्मृतिशिळांवर संपादित केलेल्या ग्रंथात महाराष्ट्रातील वीरगळांवरील लेख स्वतः सोन्थायमर यांचाच आहे. शिळेइतकेच तिच्याभोवतीच्या धनगर व इतर समाजांच्या आचाराकडे आणि मौखिक परंपरेकडे त्यांनी आयुष्यभर लक्ष दिले, हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य होय.

म्हणून वीरगळ हलविण्याचा प्रश्न एट्रुस्कन पेटिकेच्या प्रश्नाहून वेगळा आहे. सेइआन्तिची पेटिका लंडनला गेली तरी तिचे नाव तिच्याबरोबर गेले. वीरगळ संग्रहालयाच्या अंगणात आणला म्हणजे नाव गावातच राहते, आणि शिळा दिसेनाशी झाल्यावर एकदोन पिढ्यांत तेही विरून जाते. ‘वीरगळ, दगड, अंदाजे बारावे ते तेरावे शतक’ एवढी चिठ्ठी उरते. उलट, गावात ठेवलेली प्रत्येक शिळा सुरक्षित असते असेही नाही. रस्त्याचे रुंदीकरण, देवळाचा जीर्णोद्धार, तेलशेंदराची जाड पुटे आणि वाढती वस्ती यांत शिळा झिजतात, गाडल्या जातात, पायरीला लागतात. संग्रहालय की गाव, असा सरळ पर्याय येथे नाही. निर्णय कोणताही होवो, त्यापूर्वी तिसऱ्या साक्षीदाराची जबानी नोंदली गेली पाहिजे.

ही नोंद करण्यास भाषाशास्त्राचा विद्यार्थी सर्वांत योग्य आहे. शिळेला स्थानिक बोलीत काय म्हणतात, त्या शब्दाचे लिंग व वचन कोणते, तिच्याशी कोणते क्रियापद येते (शिळा ‘उभी असते’, ‘बसते’ की ‘पडते’), तिच्याविषयीची कथा कोणत्या घराण्यात कोणत्या शब्दांत सांगतात, आसपासच्या शेतांची व पाणवठ्यांची नावे कोणती, एवढे प्रश्न विचारण्यास फार साधने लागत नाहीत. मोजमाप आणि छायाचित्र घेणारे पुष्कळ आहेत. शब्द टिपणारे थोडे. उत्तर देणारे वृद्ध मात्र दरवर्षी कमी होत आहेत.

तिन्ही साक्षीदार एकत्र असलेले स्मारक पाहण्यासाठी मुंबईकराला दूर जावे लागत नाही. शिवाजी पार्कच्या पश्चिमेस, दादरच्या किनाऱ्यावर, ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्याच जागी उभारलेल्या स्तूपाचे उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी झाले, आणि त्या स्थानाचे नाव ‘चैत्यभूमी’ पडले. ‘चैत्य’ हा शब्द ‘चि’ म्हणजे रचणे या धातूकडे जातो. ‘चिता’ही त्याच धातूची. भाज्याच्या थेरांच्या स्तूपाचे रूप, स्थानाशी अभेद्य संबंध आणि लक्षावधींच्या मुखी असलेले नाव, अशी ही त्रयी आहे. दरवर्षी ६ डिसेंबरला तेथे येणाऱ्या माणसाला चिठ्ठी वाचावी लागत नाही.

एकसरच्या वीराला हे भाग्य लाभले नाही. त्याचे नाव आता बहुधा मिळणारही नाही. परंतु महाराष्ट्राच्या गावोगावी अजून अशा शिळा आहेत, ज्यांच्याजवळ उभे राहून विचारले असता कोणीतरी काहीतरी सांगते. ते सांगणे अपुरे असेल, परस्परविरोधी असेल, इतिहासाच्या कसोटीस न उतरणारेही असेल. तरी ते टिपून ठेवणे हे आपल्या शास्त्राचे काम आहे. एट्रुस्कन भाषेचे बोलणारे नाहीसे झाले आणि केवळ दगड उरले, म्हणून आज एकेका शब्दासाठी झगडावे लागते. आपल्याकडे बोलणारे अजून आहेत, तोवर विचारून घेणे एवढेच करावयाचे आहे.